रोबोटसाठी छोटा उष्णता-सेन्सर: निवड, बांधणी आणि जुळवणी

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन नुसतं 'आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर द्या' म्हटलं, तर हातात हमखास पडतो तो काळ्या रेघेवरून धावणाऱ्या गाडीचा सेन्सर: एक एलईडी, शेजारी एक फोटोडायोड. तो साधारण ९४० नॅनोमीटरचा स्वतःचाच प्रकाश समोर टाकतो आणि त्यातला किती परत आला ते बघतो. त्याच्यापुढे उकळता चहा ठेवा नाहीतर बर्फाचा खडा, त्याला फरक कळत नाही. पुण्यातल्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाण्याआधी एवढं पक्कं करून घ्या, की आपल्याला हवा आहे तो थर्मोपाइल सेन्सर, म्हणजे समोरच्या वस्तूतून आपोआप बाहेर पडणारी उष्णता दुरून मोजणारा.

आर्डुइनो किंवा ईएसपी ३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डांवर थोडंफार काम केलंय, सोल्डरिंगची भीती उरलेली नाही आणि आता रोबोटला माणूस, तापलेली मोटर किंवा मेणबत्तीची ज्योत ओळखता यावी असं वाटतंय, अशांसाठी हा लेख आहे. आतली चिप घरी बनत नाही, तिला क्लीनरूम लागते. पण चिपच्या भोवतीचं सगळं, म्हणजे अॅम्प्लिफायर, बोर्ड, घर, खिडकी, कॅलिब्रेशन (म्हणजे आकड्यांची जुळवणी) हे आपल्या हातात असतं, आणि अचूकता बहुतेक वेळा तिथेच हरवते. कारण एकच: हा सेन्सर समोरच्याचं तापमान थेट मोजत नाही. तो समोरच्यातला आणि स्वतःतला फरक मोजतो. स्वतःचं तापमान त्याला नीट कळलं नाही, तर समोरच्याचंही कळत नाही.

पायरी १: रोबोटने नेमकं काय ओळखायचं?

'उष्णता ओळखायची' एवढं म्हणून चालत नाही. काय, किती अंतरावरून आणि रोबोट चालता असताना की थांबलेला, हे वहीत लिहून काढा.

माणूस आहे की नाही एवढंच हवं असेल तर बरेच जण पीआयआर सेन्सर घेतात, तो पांढऱ्या घुमटाचा एचसी-एसआर ५०१. जिन्यातल्या दिव्यासाठी तो उत्तम आहे. रोबोटवर मात्र त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. तो फक्त बदल ओळखतो. आत उलट-सुलट जोडलेले दोन तुकडे असतात आणि उष्ण वस्तू एकाकडून दुसऱ्याकडे सरकली की सिग्नल येतो. रोबोट स्वतःच वळला तरी त्याच्या दृष्टीने सगळी खोली सरकते आणि तो 'माणूस, माणूस' करत सुटतो. उलट समोरचा माणूस शांत बसून राहिला तर तो त्याला दिसतच नाही.

ज्योत शोधायची असेल तर प्रकरण वेगळं. दुकानातला स्वस्त 'फ्लेम सेन्सर' ७६० ते ११०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात बघतो, म्हणून खिडकीतून येणारं ऊन आणि पिवळा बल्ब दोन्ही त्याला आगच वाटतात. अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात १९९४ पासून घरातली मेणबत्ती शोधून विझवणाऱ्या रोबोटांची स्पर्धा सुरू झाली. अशा रोबोटांसाठी पुढे टीपीए ८१ हा आठ ठिपक्यांचा थर्मोपाइल लोकप्रिय झाला. मेणबत्ती त्याला २ मीटरवरून कळायची आणि खोलीतल्या उजेडाशी त्याला देणंघेणं नसायचं.

आपण या लेखात माणसाचा मागोवा घेणारा छोटा रोबोट धरून चालू. बाकीच्या कामांना पायऱ्या त्याच राहतात.

पायरी २: आत काय चालतं, कामापुरतं

प्रत्येक वस्तू उष्णता किरणांच्या रूपाने सतत बाहेर टाकत असते. किती टाकते हे केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घातावर ठरतं, आणि कोणत्या तरंगलांबीवर सर्वाधिक टाकते ते काढायला २८९८ ला केल्विन तापमानाने भागायचं. माणसाचं अंग ३१० केल्विन धरलं तर उत्तर येतं ९.३ मायक्रोमीटर. मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं सिलिकॉन १.१ मायक्रोमीटरच्या पुढे आंधळं असतं, म्हणून कॅमेऱ्याचा फिल्टर काढून 'थर्मल कॅमेरा' बनवण्याचे जे व्हिडिओ फिरतात, त्यांच्यात वेळ घालवू नका. ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात हवा बऱ्यापैकी पारदर्शक असते, आणि आपलं सगळं काम तिथेच चालतं.

थर्मोपाइलच्या चिपमध्ये सिलिकॉनच्या चौकटीवर साधारण एक मायक्रोमीटर जाडीचा पडदा ताणलेला असतो. खालचं सिलिकॉन कोरून काढलेलं, म्हणजे पडदा पोकळीवर लोंबकळत राहतो. पडद्याच्या मधोमध किरण शोषणारा थर असतो आणि त्याच्याभोवती थर्मोकपलचे, म्हणजे दोन वेगळे पदार्थ जोडून केलेले, कित्येक सांधे एकापुढे एक जोडलेले. गरम टोकं पडद्यावर, थंड टोकं चौकटीवर. समोरून किरण आले की पडद्याचा मधला भाग चौकटीपेक्षा अगदी किंचित तापतो आणि त्या फरकाएवढा व्होल्टेज मिळतो. पडदा इतका पातळ का? वस्तुमान कमी असलं की तो काही मिलिसेकंदांत तापतो आणि तितक्याच लवकर निवतो.

ही रचना माणसाने शोधण्याच्या कितीतरी आधी आंबोलीच्या जंगलात होती. चापडा सापाच्या डोळ्याच्या आणि नाकपुडीच्या मध्ये जो खळगा दिसतो, त्यातही सुमारे १५ मायक्रोमीटर जाडीचा पडदा हवेच्या पोकळीवर ताणलेला असतो. अंधारातला उंदीर त्याला याच पडद्यामुळे कळतो.

आता महत्त्वाचं. चौकट सेन्सरच्या धातूच्या डबीला चिकटलेली असते, म्हणजे 'थंड टोक' हे डबीचं तापमान. ते मोजायला आत आणखी एक छोटा थर्मामीटर बसवलेला असतो. दोन्ही आकडे मिळाले की हिशेब सोपा: समोरच्याच्या तापमानाचा चौथा घात म्हणजे डबीच्या तापमानाचा चौथा घात अधिक व्होल्टेजच्या प्रमाणातली एक रक्कम. डबी एका बाजूने गरम आणि दुसऱ्या बाजूने गार असेल, तर आतला थर्मामीटर एक सांगतो, चौकट दुसरंच सांगते, आणि उत्तर बिनदिक्कत चुकतं.

पायरी ३: सेन्सर निवडणं

नवख्याने एमएलएक्स ९०६१४ पासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. एकच ठिपका, आत अॅम्प्लिफायर आणि हिशेब करणारी चिप, कारखान्यातूनच कॅलिब्रेट झालेला, आणि बाहेर थेट आकडा. समोरच्या वस्तूसाठी त्याची मर्यादा उणे ७० ते ३८० °से. आणि सर्वात छोटी पायरी ०.०२ अंशाची. 'जीवाय ९०६' नावाच्या निळ्या-जांभळ्या बोर्डवर तो बसवलेला मिळतो. २०२० मध्ये कपाळावर रोखायच्या तापमान-गनमुळे हा सेन्सर बाजारातून गायब झाला होता. त्यामुळे आता अतिस्वस्त दिसला की जरा संशयाने बघा.

एका ठिपक्याने काम भागत नसेल तर एएमजी ८८३३: ८ गुणिले ८ म्हणजे ६४ ठिपके, ६० अंशांचं दृष्टिक्षेत्र, सेकंदाला १० चित्रं. अचूकता अडीच अंशांची, म्हणजे ताप मोजायला निरुपयोगी. पण माणूस डावीकडे आहे की उजवीकडे हे सांगायला झकास. त्यापुढचा एमएलएक्स ९०६४० हा ३२ गुणिले २४ ठिपक्यांचा. नुसती त्याची कॅलिब्रेशनची माहितीच १६६४ बाइट भरते, आणि आर्डुइनो उनोची अख्खी रॅम २०४८ बाइट. म्हणून तो ईएसपी ३२ किंवा तशाच मोठ्या बोर्डवरच लावा. जागा फारच कमी असेल, रोबोटच्या बोटाच्या टोकाला बसवायचा असेल, तर एमएलएक्स ९०६३२ हा ३ मिमी गुणिले ३ मिमीचा आणि फक्त १ मिमी जाड सेन्सर आहे. पण त्याचा हिशेब आपल्याला मायक्रोकंट्रोलरवर करावा लागतो आणि सोल्डरिंगला गरम हवेचं स्टेशन लागतं. तो दुसऱ्या प्रकल्पासाठी ठेवा.

घेताना दृष्टिक्षेत्र बघायला विसरू नका, कारण नव्वद टक्के निराशा तिथून येते म्हटलं तरी चालेल. स्वस्त बोर्डांवरचा ९०६१४ बहुधा ९० अंशांचा असतो. अंतर गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन, त्याची दुप्पट, एवढा व्यास त्याला दिसतो. ९० अंशांच्या सेन्सरला १ मीटरवर २ मीटर व्यासाचं वर्तुळ दिसतं, म्हणजे ३.१४ चौरस मीटर. माणसाची समोरची बाजू साधारण अर्धा चौरस मीटर. भिंत २८ °से. आणि कपड्यांचा पृष्ठभाग ३२ °से. असेल, तर माणूस समोर येऊन उभा राहिला तरी आकडा जेमतेम ०.६ अंशाने हलतो. हेच ३५ अंशांचा सेन्सर घेतला तर वर्तुळ ६३ सेंटिमीटरचं होतं आणि त्यात माणूस बराचसा मावतो. शिवाय कंपनी जो कोन छापते तो सिग्नल निम्मा होतो तिथला. त्याच्या बाहेरूनही थोडी उष्णता आत येतेच.

पायरी ४: आधी ब्रेडबोर्डवर

चार तारा: व्हीसीसी (वीज), ग्राउंड, एससीएल (घड्याळ), एसडीए (माहिती). जीवाय ९०६ वर पुल-अप रेझिस्टर, म्हणजे शेवटच्या दोन ओळींना व्हीसीसीकडे ओढून धरणारे, लावलेले असतात. सुटा सेन्सर घेतला असेल तर दोन्ही ओळींना ४.७ किलोओमचे पुल-अप लावा आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सेन्सरच्या पायांना अगदी खेटून. सुट्या सेन्सरमध्ये ३ व्होल्टचा आणि ५ व्होल्टचा असे वेगळे प्रकार असतात, नावातलं अक्षर बघून घ्या. घड्याळाचा वेग १०० किलोहर्ट्झच्या वर नेऊ नका.

पत्ता हेक्समध्ये ५ए. समोरच्या वस्तूचं तापमान हेक्स ०७ या रजिस्टरमध्ये, डबीचं ०६ मध्ये. आलेल्या संख्येला ०.०२ ने गुणून २७३.१५ वजा करायचे. उदाहरणार्थ १५१५८ आले तर ३०३.१६ केल्विन, म्हणजे ३०.०१ °से. स्क्रीनवर अचानक १०३७.५५ अंश दिसले तर घाबरू नका: सगळे बिट एक आले की ६५५३५ होतात आणि हिशेबाने नेमका हाच आकडा निघतो. म्हणजे तार निघालीय किंवा पत्ता चुकलाय. लायब्ररी वापरली तरी हे दोन्ही आकडे, समोरचा आणि डबीचा, पहिल्या दिवसापासून सोबत छापत जा. नुसता समोरचा छापणाऱ्याला पुढे काय बिघडलं ते शोधता येत नाही.

आता एक प्रयोग कराच. सेन्सर भिंतीकडे रोखून ठेवा, आकडा स्थिर होऊ द्या. मग धातूच्या डबीला एका बाजूने बोट लावा, डबीच्या तोंडावरच्या खिडकीला न शिवता. भिंत तीच, अंतर तेच, तरी भिंतीचा आकडा सरकायला लागतो आणि बोट काढल्यावर मूळ जागी यायला बराच वेळ घेतो. पुढच्या तीन पायऱ्या या एका गोष्टीच्या बंदोबस्तासाठीच आहेत.

पायरी ५: स्वतःचा अॅम्प्लिफायर, हौस असेल तर

घाई असेल तर ही पायरी ओलांडून पुढे जा. पण सेन्सर खऱ्या अर्थाने डिझाइन करायला शिकायचं असेल तर सुटा थर्मोपाइल घेऊन एकदा हे करावं. चार पायांची डबी मिळते: दोन पाय थर्मोपाइलचे, दोन आतल्या थर्मिस्टरचे (तापमानानुसार रोध बदलणारा भाग), जो बहुधा २५ °से. ला १०० किलोओमचा असतो.

एका अंशाच्या फरकाला थर्मोपाइलमधून काही दहा मायक्रोव्होल्ट मिळतात. घरात पडलेला एलएम ३५८ अॅम्प्लिफायर इथे चालत नाही, कारण त्याचा स्वतःचा ऑफसेटच (जन्मजात चूक) २-३ मिलिव्होल्ट, म्हणजे सगळा सिग्नल गिळून वर उरेल इतका. एमसीपी ६व्ही०१ किंवा ओपीए ३३३ सारखा 'झीरो ड्रिफ्ट' जातीचा घ्या, त्यांचा ऑफसेट मायक्रोव्होल्टांत मोजतात. समोरची वस्तू डबीपेक्षा गार असेल तर सिग्नल उणे होतो, म्हणून थर्मोपाइलचं एक टोक ग्राउंडला न लावता साधारण १.२ व्होल्टच्या स्थिर पातळीला लावा. ±२ मिलिव्होल्ट अपेक्षित असतील तर ५०० पट वाढ पुरे, म्हणजे बाहेर ±१ व्होल्ट मिळतो. पुढे १६ किलोओम आणि १ मायक्रोफॅरडचा फिल्टर लावला की १० हर्ट्झच्या वरची गडबड गाळली जाते, आणि रोबोटला त्याहून जलद उत्तर क्वचितच लागतं. ईएसपी ३२ च्या आतल्या एडीसीवर (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागावर) भिस्त ठेवू नका, तो सरळ रेषेत मोजत नाही. एडीएस १११५ ही वेगळी एडीसी चिप लावा.

एक सापळा ध्यानात असू द्या. डबीचे पाय अनेकदा कोव्हार नावाच्या मिश्रधातूचे असतात आणि कोव्हार-तांब्याचा सांधा स्वतःच थर्मोकपल होतो, अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्टचा. दोन पायांच्या टाक्यांमध्ये अंशाच्या दहाव्या भागाचा फरक पडला तरी ४ मायक्रोव्होल्टची लबाडी सिग्नलमध्ये मिसळते. उपाय साधा: दोन्ही टाके शेजारी शेजारी, सारख्या आकाराच्या पॅडवर, सारख्या रुंदीच्या तारांनी, आणि वर फोमचा तुकडा, म्हणजे वारा लागत नाही.

पायरी ६: बोर्ड

नवख्यांचा बोर्ड नेहमी एका ठिकाणी चुकतो. जागा वाचवायला सेन्सर, व्होल्टेज रेग्युलेटर आणि मायक्रोकंट्रोलर हे तिघं एकमेकांना खेटून बसवलेले असतात. ५ व्होल्टचे ३.३ करणारा रेग्युलेटर १०० मिलिअँपिअर देत असेल तर ०.१७ वॅट उष्णता तिथल्या तिथे सोडतो. चिमूटभर वाटते, पण बोर्डवरच्या तांब्यातून ती सरळ डबीच्या पायात येते, आणि एकाच बाजूने येते.

म्हणून सेन्सर बोर्डच्या एका टोकाला न्या आणि त्याच्याभोवती इंग्रजी यू अक्षरासारखी चीर कापून घ्या. बोर्ड बनवून देणारे ही चीर कापून देतात, डिझाइनमध्ये बोर्डच्या बाह्यरेषेसारखीच काढायची. त्या जिभेवर तांब्याचा सलग थर ओतू नका. चार बारीक तारा गेल्या की झालं. मायक्रोकंट्रोलर शक्यतो वेगळ्या बोर्डवर ठेवा, विशेषतः वायफाय चालू असणारा ईएसपी ३२.

बोर्डपासून तोडून झालं की डबीला स्थिरता द्यायची. अॅल्युमिनियमचा छोटा ठोकळा घ्या, त्यात सेन्सरची गोल धातूची डबी (टीओ-३९ आकाराची) घट्ट बसेल असं भोक पाडा. डबीची खालची कड साधारण ९ मिमीची असते, पण भोक पाडण्याआधी व्हर्नियरने मोजाच. मध्ये उष्णतावाहक पेस्टचा हलका हात फिरवा. ठोकळ्यामुळे डबीचं तापमान सगळीकडून सारखं राहतं आणि बदललंच तर सावकाश बदलतं. ठोकळा बोर्डला टेकू देऊ नका, आणि ९०६१४ ची डबी आतून ग्राउंडला जोडलेली असते हे विसरून तो दुसऱ्या कुठल्या उघड्या तारेला टेकवू नका.

सोल्डर करताना झटपट उरका. खिडकीला बोट लागलंच तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा.

पायरी ७: नळी आणि खिडकी

दृष्टिक्षेत्र अरुंद करायला पुढे थ्रीडी प्रिंटरवर छापलेली काळी नळी लावावी, ही कल्पना प्रत्येकाला सुचते. दिसणाऱ्या प्रकाशाला ती चालली असती. इथे नळीची आतली भिंतही स्वतःची उष्णता टाकत असते, आणि सेन्सर तीही मोजतो. मोटर तापली, नळी तापली, की भिंतीसमोर उभा असलेला रोबोट 'माणूस सापडला' म्हणून आनंदाने फिरायला लागतो. मुळातच अरुंद कोनाचा सेन्सर घेणं परवडतं. नळी लावायचीच असेल तर आतून चकचकीत अॅल्युमिनियमची, आणि त्या ठोकळ्यालाच जोडलेली, म्हणजे तिचं तापमान डबीएवढंच राहील.

धूळ, पाणी यांपासून बचावाला काच किंवा अॅक्रिलिक लावलं तर सेन्सर आंधळा होतो. दोन्हींतून ८ ते १४ मायक्रोमीटरचे किरण जात नाहीत. जर्मेनियम उत्तम पण महाग. घरगुती कामाला पातळ पॉलिथीन चालतं. कचऱ्याची पातळ काळी पिशवी ताणून सेन्सरपुढे धरा आणि पलीकडे हात न्या: डोळ्याला काही दिसत नाही, सेन्सरला हात दिसतो. पीआयआरचा घुमट पॉलिथीनचा असतो तो याच कारणाने. कुठलीही खिडकी थोडी उष्णता अडवते आणि थोडी स्वतः टाकते, म्हणून कॅलिब्रेशन खिडकी बसवल्यावरच करायचं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात वातानुकूलित खोलीतून रोबोट बाहेर आणला की गार खिडकीवर बाष्प जमतं. पाण्याचा पातळ थरही या किरणांना जवळजवळ भिंतच असतो. दहा-पंधरा मिनिटं थांबा.

पायरी ८: जुळवणी

एक स्टीलचं पातेलं, काळी इन्सुलेशन टेप आणि डीएस १८बी२० चा पाण्यात चालणारा थर्मामीटर एवढं सामान पुरतं. आधी थर्मामीटरच तपासा: ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी ढवळून त्यात शून्य, उकळत्या पाण्यात मुंबईला १००. पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर असल्याने तिथे पाणी ९८ च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला. थर्मामीटर बिघडला म्हणून परत करायला निघू नका.

आता पातेल्याच्या बाहेरून टेपचा चौकोन चिकटवा, सेन्सरच्या वर्तुळापेक्षा मोठा. पातेल्यात ७० अंशांचं पाणी घ्या आणि आतून ढवळत राहा. सेन्सर टेपवर रोखला तर ६८ ते ७० दिसतील. तसाच शेजारच्या उघड्या चकचकीत स्टीलवर न्या. खोली ३० °से. असेल तर आकडा ४० च्याही खाली येतो. पाणी तेच, पातेलं तेच. चकचकीत स्टील आपल्या तापमानाला शक्य असलेल्या किरणांपैकी पाचवा भाग किंवा त्याहून कमी टाकतं आणि बाकीचं खोलीचं प्रतिबिंब दाखवतं. या प्रमाणाला उत्सर्जकता म्हणतात. त्वचेची ०.९८, टेपची ०.९५ च्या आसपास, पाण्याची ०.९६, विटेची ०.९३, घासलेल्या अॅल्युमिनियमची ०.०५ किंवा तेवढीच. थोडक्यात, रोबोटला चकचकीत धातूचं तापमान दुरून विचारू नका. मोटरचं मोजायचं असेल तर तिच्यावर टेपचा तुकडा लावा आणि तिथे रोखा.

उत्सर्जकता सेन्सरच्या आत लिहायची सोय असते. मी ती १ वरच ठेवून दुरुस्ती प्रोग्राममध्ये करण्याच्या मताचा आहे. आतल्या स्मृतीत लिहिताना शेजारच्या कारखान्याच्या आकड्यांना धक्का लागला तर सेन्सर कायमचा गेला.

बर्फाचं पाणी, खोलीच्या तापमानाचं पाणी, ४० आणि ७० अंशांचं पाणी, या चार ठिकाणी टेपचा आकडा आणि थर्मामीटरचा आकडा शेजारी लिहा. बिंदू कागदावर मांडले की बहुधा सरळ रेघ मिळते. तिचा चढ आणि सरक प्रोग्राममध्ये घाला. मग तेच सगळं सेन्सरची डबी कोमट असताना एकदा करा, म्हणजे सर्किट चालू करून तासाभराने. दोन रेघा जुळल्या नाहीत तर दोष प्रोग्रामात नाही, पायरी ६ मध्ये आहे.

पायरी ९: प्रोग्राम

'३० अंशांपेक्षा जास्त म्हणजे माणूस' असं लिहिलेला प्रोग्राम पुण्यात डिसेंबरात चालतो आणि मार्चमध्ये कोलमडतो. नागपूर-चंद्रपुरात मे महिन्यात तर गंमतच होते: उन्हाने तापलेली भिंत ४० च्या वर आणि माणसाची त्वचा ३५ च्या आसपास. माणूस भिंतीपेक्षा गार दिसतो! म्हणून ठरावीक आकडा न धरता पार्श्वभूमीपासूनचा फरक घ्या, आणि तोही दोन्ही दिशांनी.

एएमजी ८८३३ च्या ६४ ठिपक्यांची सरासरी न घेता मधला आकडा घ्या, म्हणजे सगळे चढत्या क्रमाने लावून मधोमध येणारा. माणूस चित्राच्या पाव भागात असला तरी मधला आकडा भिंतीचाच राहतो, सरासरी मात्र वर ओढली जाते. समजा मधला आकडा २९.५० आहे आणि एका ओळीत असे ठिपके आले:

२९.२५, २९.५०, २९.२५, ३१.७५, ३२.५०, ३१.५०, २९.७५, २९.२५

२९.५० वजा करा, एका अंशाहून कमी फरक शून्य धरा. उरतात चौथ्या रकान्यात २.२५, पाचव्यात ३.००, सहाव्यात २.००. बेरीज ७.२५. रकान्याच्या क्रमांकाने गुणून बेरीज ९ अधिक १५ अधिक १२ म्हणजे ३६. छत्तीसला ७.२५ ने भागलं की ४.९७. चित्राचा मध्य ४.५ वर असतो, म्हणजे माणूस ०.४७ रकाना उजवीकडे. एक रकाना ७.५ अंशांचा, म्हणून साधारण साडेतीन अंश वळा. सेन्सर उलटा बसवला असेल तर डावं-उजवं बदलेल, आधी हात हलवून बघा. रोज नव्याने गोंधळ होतो तो इथेच.

एखादंच चित्र बघून चाकं फिरवू नका. लागोपाठ तीन चित्रांत माणूस एकाच बाजूला दिसला तरच वळा. सेकंदाला १० चित्रं येतात, म्हणजे उशीर जेमतेम ०.३ सेकंदाचा.

पायरी १०: रोबोटवर बसवताना

टेबलावर सुरळीत चाललेला सेन्सर रोबोटवर चढवल्यावर बंद पडतो, हे इतकं नेहमीचं आहे की त्याची तयारी आधीच ठेवावी. मोटरच्या तारा आणि सेन्सरच्या तारा एका जुडीत बांधू नका. सेन्सरची तार ३० सेंटिमीटरच्या आत ठेवा. मोटरच्या दोन टोकांत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा. दोन किंवा अधिक ९०६१४ लावायचे असतील तर सगळ्यांचा पत्ता ५ए हाच असतो, मध्ये टीसीए ९५४८ए हा आठ वाटांचा स्विच घाला.

जागा निवडताना मोटर ड्रायव्हर, बॅटरी आणि पंख्याचा वारा या तिघांपासून दूर, आणि उंची माणसाच्या पोटापर्यंत बघेल अशी. जमिनीलगत लावलेल्या सेन्सरला फरशी आणि बूट दिसतात, आणि बूट जवळजवळ खोलीच्याच तापमानाचे असतात. छोट्या रोबोटवर जागा खालीच असेल तर सेन्सर २०-२५ अंश वर कलता ठेवा.

मग मोटर पूर्ण वेगाने वीसेक मिनिटं चालवा, रोबोट जागेवर उचलून धरून, तोंड रिकाम्या भिंतीकडे. भिंतीचा आणि डबीचा आकडा दोन्ही नोंदवत राहा. डबी सावकाश चढली आणि भिंत जागच्या जागी राहिली तर काम फत्ते. भिंतही डबीबरोबर चढायला लागली तर ठोकळा आणि रोबोटची चौकट यांच्यामध्ये नायलॉनचे स्पेसर घाला आणि पुन्हा चालवा. तरीही फरक पडला नाही तर सेन्सर मोटरच्या मागे आहे का ते बघा, आणि त्याला पुढच्या टोकाला हलवा.